वॉशिंग मशीनचा गंज

वॉशिंग मशीनला गंज बहुधा खालून लागतो. झाकण आणि बटणांची पट्टी चकचकीत असते, तेव्हा पायांजवळच्या पत्र्याची दुमडलेली कड तपकिरी होऊन तिचे पोपडे सुटू लागलेले असतात. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरच्या सणसवाडीत कारखान्यांतल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या दाटीने उभ्या आहेत. अशा खोलीत मशीनसाठी वेगळी जागा कुठून असणार? ते मोरीच्या दाराशी किंवा गॅलरीत मावते, आणि फरशी धुतलेले पाणी रोज त्याच्या बुडाशी साचते. याच रस्त्याने पुढे, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, एलजी आणि हायर यांच्या कारखान्यांत नवी मशीन तयार होतात.

बाहेरचा पत्रा सहसा जस्ताचा थर दिलेला असतो आणि त्यावर पावडर कोटिंग भट्टीत भाजून बसवलेले असते. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवते. पण कापलेली कड, स्क्रूचे भोक, मशीन सरकवताना पडलेला ओरखडा इथे हे कवच पातळ पडते. ओलावा आत शिरला की गंज रंगाच्या खालून पसरतो. वर फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा बराच खाल्लेला असतो.

दोष बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यावर टाकला जातो. ते अर्धेच खरे आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातले पाणी जड असते, त्याचे पांढरे थर हीटरवर आणि नळीत बसतात. पण तो थर म्हणजे गंज नव्हे. पत्र्याला खरी बाधा पाण्यातल्या क्लोराइडची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत सूट आहे. माणसाला चालणारे पाणी पत्र्याला मानवेलच असे नाही. शिवाय जड पाण्यात फेस होत नाही म्हणून पावडर जास्त पडते. तिचे न विरघळलेले क्षार पावडरच्या कप्प्याभोवती आणि झाकणाच्या खाचेत वाळतात आणि हवेतली ओल धरून ठेवतात.

स्टीलच्या ड्रमवरचे तपकिरी ठिपके बहुधा बाहेरून आलेले असतात. सेफ्टी पिन, केसांचा आकडा, आणि यंत्रशाळेत काम करणाऱ्याच्या गणवेशाच्या शिलाईत अडकलेला लोखंडाचा कीस रात्रभर ओल्या ड्रममध्ये राहिला की सकाळी ठिपका हजर. असा ठिपका लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघतो. तारेच्या घासणीने घासले तर तिचेच कण ड्रममध्ये रुतून गंजतात. ब्लीच तर दुहेरी घातक: ते स्टीलला बारीक खड्डे पाडते आणि आम्लात मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. कपड्यावरचा गंजाचा डागही ब्लीचने जात नाही, उलट पक्का होतो. त्याला लिंबूसत्त्वच लावावे.

पत्र्याच्या दुरुस्तीत सगळी मेहनत खरवडण्यात आहे; रंग मारणे सोपे. आधी प्लग काढायचा. सुटलेले पोपडे तारेच्या ब्रशने पाडायचे, मग जाड आणि नंतर बारीक पॉलिश पेपरने चकाकणारे लोखंड दिसेपर्यंत, आणि डागाच्या थोडे बाहेरपर्यंत, घासायचे. खाचेत पेपर पोचत नाही, तिथे फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण हातमोजे घालून लावावे. पुसून, सुकवून रेड ऑक्साइड प्रायमर, त्यावर पातळ हातांनी इनॅमल. भर पावसाळ्यात हे काम करू नये. पत्र्यावर न दिसणारी ओल असते आणि रंग ती आत कोंडतो. गंजावरच थेट रंग फासणारेही पुष्कळ असतात. तो रंग फार दिवस टिकत नाही. पत्र्याला भोक पडले असेल तर एम-सीलने पाणी अडते, ताकद मात्र येत नाही. मशीनचा भार पेलणारा कोपरा सडला असेल तर पत्र्याचा तुकडाच बसवावा लागतो.

दिसण्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मागच्या बाजूला असते. अर्थिंगच्या तारेचा स्क्रू गंजला की तारेचा पत्र्याशी संपर्क तुटतो, आणि ओल्या फरशीवर उभ्या माणसाला झटका बसू शकतो. तो स्क्रू घासून किंवा बदलून घट्ट बसवणे हे रंगकामाआधीचे काम आहे, आणि खोलीच्या सॉकेटमध्ये अर्थिंग खरोखर आहे का हेही तपासून घ्यावे.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनचे अंग बऱ्याचदा प्लास्टिकचे असते. तिथे गंज आत, स्पिनरच्या ब्रेकच्या स्प्रिंगवर आणि मोटरच्या बोल्टवर चढतो. झाकण उघडले तरी टब फिरत राहतो, तेव्हा हा ब्रेकच आधी पाहावा. पुढून कपडे घालायच्या मशीनमध्ये ड्रमच्या पाठीमागचा तिपाई सांगाडा ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असतो. तो स्टीलच्या संगतीत, साबणाच्या चिकट थराखाली, तांबूस न होता पांढरी भुकटी होऊन झिजतो. पिळताना दणके बसू लागले, हाताने हलवल्यावर ड्रम डगमगला, की हा सांगाडा किंवा बेअरिंग गेलेले असते. ही झीज रंगाने थांबत नाही. सुटा भाग मिळाला तर बदलावा; अनेकदा भाग आणि मजुरी मिळून खर्च जुन्या मशीनच्या किमतीजवळ जातो, आणि मग भंगारवाल्याला बोलावणेच परवडते.