विमानांचे फोटो काढताना एवढे लक्षात ठेवा

१२ ते १४ जानेवारी २०२४ असे तीन दिवस भारतीय हवाई दलाने मुंबईत मरीन ड्राइव्हच्या समुद्रावर दुपारी १२ ते १ या वेळेत कसरती दाखवल्या. सूर्यकिरण पथकाची हॉक विमाने, सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टर आणि आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनणारे सुखोई-३०. असा कार्यक्रम पुन्हा झाला तर पनवेलहून हार्बरच्या लोकलने सीएसएमटीला उतरून बालबच्च्यांसह सहज जाता येते. अडचण एकच. घरी आल्यावर मोबाईलमध्ये निळे आकाश आणि एक काळा ठिपका, एवढेच सापडते.

असे का होते? आवाज एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. विमान दोन किलोमीटरवर असेल तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत यायला सहा सेकंद लागतात. ताशी ६५० किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्यात एक किलोमीटर पुढे गेलेले असते. म्हणून आवाज येतो तिकडे बघू नका, त्याच्या पुढे नजर टाका. विमान दिसले की मोबाईल त्याच्याबरोबर फिरवत राहा आणि बटण दाबून धरून एकापाठोपाठ एक फोटो घ्या. वीसातला एक तरी चांगला येतो.

साधा कॅमेरा असेल तर जेट विमानासाठी शटर सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद ठेवा. हेलिकॉप्टरला मात्र अडीचशेवा भाग पुरे. जास्त जलद ठेवले तर पाती थांबल्यासारखी दिसतात आणि हेलिकॉप्टर आकाशात टांगून ठेवल्यासारखे वाटते. मोबाईलचा झूम फार ताणू नका, चित्र फाटते.

उजेडाचेही गणित आहे. जानेवारीत दुपारी सूर्य दक्षिणेकडे असतो. नरिमन पॉइंटच्या बाजूला उभे राहून चौपाटीकडे तोंड केले तर ऊन पाठीशी येते आणि विमानाचे रंग उठून दिसतात.

फोटोपेक्षा जीव मोठा, हेही सांगायला हवे. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर अशाच कार्यक्रमाला लाखोंची गर्दी झाली. ऊन आणि गर्दीच्या त्या दिवशी पाच माणसे दगावली. पाणी, टोपी सोबत घ्या. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले असतील तर गर्दीच्या मध्ये शिरू नका, कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास थांबून मग स्टेशनकडे निघा.

आता कायद्याचे. जाहीर कार्यक्रमात आकाशातल्या विमानांचे फोटो काढायला हरकत नसते. पण कुलाबा असो की आपल्या शेजारचे उरण, नौदलाच्या आवाराचे, गेटचे, भिंतीचे फोटो काढू नयेत. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अशा ठिकाणांना लागू होतो. ड्रोन तर घरीच ठेवा. पोलिसांनी विचारले तर शांतपणे फोटो दाखवा, ओळखपत्र जवळ असू द्या. आपल्या पोरांना हे आधीच समजावून ठेवलेले बरे. सोळा वर्षांच्या मुलाला विमानाचे वेड असते, पाटी वाचायचे भान नसते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव असताना जुने व्हिडिओ, अगदी व्हिडिओ गेममधली दृश्येसुद्धा, खरी लढाई म्हणून मोबाईलवर फिरत होती. आपण हौसेने काढलेला सुखोईचा फोटोही कुणीतरी उद्या तसाच फिरवू शकतो, आणि विचारणा पहिल्यांदा पाठवणाऱ्याकडे येते. म्हणून ग्रुपवर टाकताना फोटोवरच ठिकाण आणि तारीख लिहा: मरीन ड्राइव्ह, अमुक तारीख, हवाई दलाचा जाहीर कार्यक्रम. दहा सेकंदांचे काम आहे. मुलांना ही सवय लागली तर विमान थोडे पुसट आले तरी चालेल.