इंजिनाला दिवा लावून द्यायचे किती पैसे घ्यायचे?

या आठवड्याच्या व्हिडिओत मी टेबलावर एक छोटं इंजिन उघडून बसलो होतो. शेवटी घाईघाईत म्हणालो होतो, "हिशोब ब्लॉगवर लिहितो." तर हा घ्या हिशोब. माझ्या चुकीसकट.

आधी काम काय आहे ते सांगतो. मॉडेल रेल्वे म्हटलं की बऱ्याच जणांना वाढदिवसाला देतात ती गोल रुळांवरची झुकझुक गाडी आठवते. हे प्रकरण वेगळं आहे. एचओ स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७ आकाराचं मॉडेल, रुळांतलं अंतर १६.५ मिलीमीटर. छंद महागडा, आणि तो जपणारी माणसं बहुतेक पन्नाशीच्या पुढची. पुण्यात राहत असाल तर कोथरूडला कर्वे रोडवर भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. एकदा जाऊन या. गाड्या बघाच, पण बघायला आलेल्या मोठ्या माणसांचे चेहरे जास्त बघा. तुमचा ग्राहक तिथे दिसेल.

या लोकांकडची बरीच जुनी इंजिनं बिनदिव्याची असतात. काहींत गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब असतो, तो कधीच गेलेला. त्या जागी एलईडी बसवून द्यायचा, हे काम.

सामान किरकोळ आहे. तीन मिलीमीटरचा किंवा त्याहून बारीक एसएमडी एलईडी, रेझिस्टर, डायोड, केसासारखी बारीक वार्निशची तार, श्रिंक स्लीव्ह. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं. एका इंजिनाला मला साधारण ४५ रुपयांचं सामान लागतं.

आता थोडं तांत्रिक, पण सोडून पुढे जाऊ नका. पैसे इथेच वाचतात किंवा जातात. साध्या डीसी गाडीत रुळांवर जास्तीत जास्त १२ व्होल्ट येतात. पांढऱ्या एलईडीला हवेत ३ च्या आसपास. उरलेले ९ व्होल्ट रेझिस्टरने खायचे. १० मिलीॲम्पिअर करंट धरला तर ९ भागिले ०.०१, म्हणजे ९०० ओहम. आपण १ किलोओहम वापरतो. रेझिस्टर न लावता थेट जोडलात तर एलईडी एकदाच चमकतो आणि संपतो. पण १ किलोओहमला सुद्धा हल्लीचे एलईडी असे पेटतात की इंजिन कमी आणि बॅटरी जास्त वाटते. मी ग्राहकासमोर १, ४.७ आणि १० किलोओहम लावून दाखवतो, "काका, यातला कुठला?" बहुतेक जण मंद आणि पिवळसरच निवडतात. जुन्या इंजिनांचे दिवे तसेच होते ना!

डीसी गाडी उलटी फिरवली की रुळांवरचे प्लस-मायनस बदलतात, आणि एलईडी एकाच दिशेने पेटतो. म्हणजे पुढे जाताना पुढचा दिवा आणि मागे येताना मागचा, हे आपोआप होतं. एलईडी उलटा व्होल्टेज फार सोसत नाही, ५ च्या आसपासच. त्यामुळे एकटा दिवा असेल तर सोबत एक डायोड टाका. पुढचा-मागचा दोन्ही असतील तर एकमेकांच्या उलट जोडा, दोघांत एकच रेझिस्टर. एक दुसऱ्याला सांभाळतो.

डीसीसी म्हणजे डिजिटल गाडीत रुळांवर कायम १४-१५ व्होल्ट असतात आणि इंजिनात डिकोडर असतो. तिथे तारांचे रंग ठरलेले आहेत, अमेरिकेच्या एनएमआरए या संस्थेच्या मानकाप्रमाणे: निळी कॉमन प्लस, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा. मार्कलिनच्या जुन्या इंजिनांना मात्र सुरुवातीला हात लावू नका. ती एसीवर चालतात, आणि दिशा बदलायला त्यांना २४ व्होल्टचा झटका दिला जातो. वरचं गणित तिथे लागू नाही. मी पहिलं वर्षभर ती सरळ "नाही जमणार" म्हणून परत पाठवली.

आता चूक. पहिली अकरा कामं मी दीडशे रुपयांत केली. सामान ४५ चं, १०५ सुटले, खूश होतो. एक दिवस मोबाइलवर वेळ लावून बसलो. ग्राहकाशी बोलणं, बॉडीच्या क्लिपा न मोडता उघडणं (निम्मा वेळ इथेच जातो, प्रत्येक कंपनीच्या क्लिपा वेगळ्या), सोल्डरिंग, आतून काळा रंग मारणं, नाहीतर अख्खं इंजिन कंदिलासारखं उजळतं, मग चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, कारण घाणेरड्या चाकांमुळे दिवा लुकलुकतो आणि शिव्या आपल्याला पडतात. एकूण साडेतीन तास. १०५ भागिले साडेतीन, तासाला ३० रुपये. बीबीएत कॉस्टिंगला मला बरे मार्क होते हो!

त्याच महिन्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका डीसीसी इंजिन घेऊन आले. त्यांच्या मुलाने परदेशातून आणलेलं. दिवे बसवले, टेबलावर बॉडी न लावता तपासलं, छान पेटले. बॉडी लावली आणि दिलं. संध्याकाळी फोन. घरी नात आली होती, सगळे रुळांभोवती बसले होते, इंजिन ठेवलं, दिवा क्षणभर लागला आणि सगळं बंद. मी रेझिस्टरच्या एका पायावर स्लीव्ह घातली नव्हती. बॉडी दाबून बसवताना तो पाय धातूच्या चासीला टेकला आणि डिकोडर गेला.

काका चिडले नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच विचारलं, "अरे, दिवा राहू दे. गाडी तरी चालेल का?"

नवा डिकोडर ३,२०० रुपयांना पडला. माझ्या खिशातून. १०५ रुपये सुटणाऱ्या तीस कामांची कमाई, आणि मी तोवर कामंच बारा केली होती. तुम्ही दर ठरवताना सामान धरता, कधीकधी वेळही धरता. पण हातात वीस हजारांची वस्तू घेऊन बसलोय, ती बिघडली तर भरून द्यायची आहे, हे कोणी धरत नाही. मीही धरलं नव्हतं.

आता साध्या डीसी इंजिनाच्या दोन दिव्यांचे ९०० रुपये घेतो, डीसीसीचे १,४००. सराव झाल्यामुळे डीसीचं काम दोन तासांत होतं. प्रत्येक कामातले १०० रुपये वेगळ्या डब्यात, मोडतोडीसाठी. दर वाढवल्यावर दोन ग्राहक गेले. बाकीचे राहिले, आणि त्यांनीच आणखी दोघांना आणलं.

इंजिन आत घेताना ग्राहकासमोर रुळावर चालवून मोबाइलवर शूट करतो. आधीच बंद असलेलं इंजिन "तुमच्याकडे बंद पडलं" म्हणून आपल्या गळ्यात पडत नाही. डीसीवाल्याला तेव्हाच सांगून टाकतो की गाडी हळू झाली की दिवा मंद होणार, थांबली की विझणार. हे आधी सांगितलं तर माहिती असते, नंतर सांगितलं तर सबब वाटते. आणि बॉडी लावल्यावर पुन्हा पंधरा मिनिटं चालवतो. का, ते तुम्हाला कळलंच असेल.

आता "सर, नोकरी सोडून हे करू का?" असं विचाराल तर, नको. माझ्याकडे महिन्याला चार-पाच इंजिनं येतात. दुकान आहे म्हणून परवडतं. पण हात बसला की तोच एलईडी, तोच रेझिस्टर स्टेशनच्या इमारतीत, सिग्नलमध्ये जातो. बिल्डरच्या सेल्स ऑफिसात काचेखाली ठेवलेलं सोसायटीचं मॉडेल बघितलंय ना? त्यातल्या खिडक्याही कोणीतरी उजळवलेल्या असतात, आणि तिथे एका मॉडेलमागे शंभर दिवे लागू शकतात. चौकशी मॉडेल बनवणाऱ्याकडे करा, बिल्डरकडे नाही.

ते काका गेल्या महिन्यात परत आले. या वेळी डिझेल इंजिन आहे, त्यांना पुढच्या दिव्यासोबत छतावरचा पिवळा फ्लॅशर हवाय, खऱ्या गाडीवर शेजारच्या लाइनवरच्या गाडीला धोका कळावा म्हणून लुकलुकतो तो. ६०० रुपये ॲडव्हान्स घेतलाय, पावती दिलीय. पुढच्या व्हिडिओत तेच इंजिन उघडू. त्यांनी शूटिंगला परवानगी दिली आहे, फक्त एका अटीवर: नात आली की पहिली फेरी मी स्वतः त्यांच्या घरी येऊन चालवायची.