कावेरीतील पाहुणा महसीर

महसीर हा गोड्या पाण्यातील मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा आणि प्रवाहाविरुद्ध पोहणारा मासा आहे. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसीराची शास्त्रीय नोंद कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये केली. ‘खुद्री’ हे नाव त्याला तेव्हाच मिळाले. महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे देवीचा मासा म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. इतरत्र मात्र धरणांनी त्याची अंडी घालण्याची वाट अडवली आणि सुरुंगाच्या दारूने डोहच्या डोह रिकामे झाले.

१९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याच्या तलावांवर या माशाच्या कृत्रिम प्रजननाचा मार्ग शोधला. पुढे एस. एन. ओगले यांनी टाटा वीज कंपनीच्या वळवण येथील केंद्रात तो मोठ्या प्रमाणावर राबवला. पावसाळ्यात चढणीला लागलेले नर-मादी जाळ्यात धरतात. मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी कोरड्या भांड्यात घेतात, त्यांत नराचे रेत मिसळतात आणि मग पाणी घालतात. वाहत्या पाण्याच्या पसरट भांड्यांत ही अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. पिल्ले काही दिवस पोटाखालच्या बलकावर जगतात आणि उजेड टाळून कोपऱ्यांत दाटीने पडून राहतात. बोटाएवढी वाढली की त्यांना बोटुकली म्हणतात. वळवणची बोटुकली देशातील अनेक नद्या-तलावांत सोडली गेली. पूर्वी संकटग्रस्त गणला गेलेला खुद्री महसीर आज जागतिक लाल यादीत ‘कमी चिंतेच्या’ वर्गात आहे. या यशात वळवणचा वाटा मोठा आहे.

याच यशाची दुसरी बाजू कावेरीत दिसते. चेन्नईच्या नळांना २००४ पासून वीराणम तलावातून जे पाणी मिळते, ते मुळात याच नदीचे. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा आहे. त्याचे पर नारिंगी असतात आणि डोक्यामागे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो. १९४६ मध्ये कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात असा १२० पौंडांचा मासा गळाला लागला होता. १९७० च्या दशकापासून मासेमारीचा छंद असलेल्यांच्या संस्था व मत्स्यविभाग यांनी कावेरीत महसीराची बोटुकली सोडली. ती निळसर परांच्या खुद्रीची होती. दोन्ही महसीरच, तेव्हा फरक कशाला पाहायचा, अशी त्या काळची समजूत असावी. हेतू चांगला होता आणि पाहुण्याला नदी मानवली.

कर्नाटकातील गालिबोर येथे गळाने धरलेला मासा मोजून पुन्हा पाण्यात सोडत आणि त्याची नोंद ठेवत. १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदी तपासल्यावर निळसर परांचे मासे वाढत गेल्याचे व वशिंडाचे मासे झपाट्याने घटल्याचे आढळले. त्याहून सूचक गोष्ट अशी की, वशिंडाचे जे थोडे मासे मिळत, ते दरवर्षी अधिक मोठे असत. म्हणजे म्हातारे उरले होते आणि नवी पिढी येत नव्हती. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाची मासेमारी यांनीही हानी केलीच. सारा दोष पाहुण्याच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही.

आश्चर्य म्हणजे जगभर नावाजलेल्या या माशाला तोवर निश्चित शास्त्रीय नाव नव्हते. केरळमधील पांबार नदीतील लहान नमुन्यांवरून वर्णिलेली ‘टॉर रेमादेवी’ ही जात तीच, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले आणि त्याच वर्षी ती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरली. नाव नसलेल्या माशाला संरक्षित यादीत जागा तरी कशी मिळावी!

तमिळनाडूतील मोयार नदीत हा मासा अजून आढळतो. त्याची बोटुकली तयार करण्यासाठी लोणावळ्याची पद्धत उपयोगी पडू शकते. परंतु त्यासाठी कावेरीच्याच खोऱ्यातील पक्व नर-मादी लागतात आणि उरलेल्या मोजक्या माशांतूनच ते धरावे लागतात.