वडीलधाऱ्यांची औषधे जपून द्या



फवारणीच्या पंपात दोन औषधे एकत्र करण्यापूर्वी तुम्ही आवर्जून विचारता, "साहेब, ही दोन्ही एकमेकांना चालतात ना?" पीक करपू नये म्हणून घेतलेली ही काळजी योग्यच आहे. पण घरातली म्हातारी माणसे रोज चार-पाच गोळ्या घेतात, त्या एकमेकींना चालतात का, हे मात्र कोणी विचारत नाही. मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. तरी डॉक्टर मंडळी वारंवार जे बजावतात, ते तुमच्या कानावर घालतो.

रक्तदाबाची गोळी तालुक्याच्या डॉक्टरांची, साखरेची प्राथमिक आरोग्य केंद्रातली आणि गुडघेदुखीची बाजाराच्या दिवशी दुकानातून आणलेली. एकाने दिलेले दुसऱ्याला ठाऊक नसते. त्यातच वयोमानाने मूत्रपिंडाचे काम मंदावते आणि बरीचशी औषधे अंगात जास्त वेळ राहतात. तरण्या पोराला सोसणारी गोळी सत्तरीच्या माणसाला जड जाते.

दुखण्याची गोळी

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो, पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर हा धोका आणखी वाढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही दुखण्याची गोळी, असे तिन्ही एकत्र आले आणि त्यात जुलाबाने किंवा उन्हाने अंगातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंड थोड्याच दिवसांत निकामी होऊ शकते.

आपल्याकडची गिधाडे कशाने संपली, आठवा. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली जनावरे खाऊन त्यांची मूत्रपिंडे बंद पडली. म्हणून 2006 साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरे; पण औषध तेच आहे.

साखरेची गोळी आणि उपवास

ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी घेऊन आजीने एकादशी धरली, तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका. साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरे वाटले तरी दवाखाना गाठाच.

झोपेची आणि सर्दीची गोळी

झोपेच्या गोळीने आणि क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दी-खाजेच्या गोळीने गुंगी येते, तोल जातो. आजोबा रात्री लघवीला उठतात आणि पडून खुब्याचे हाड मोडून घेतात. सर्दीच्या या गोळीने कधी लघवीही अडते. तेव्हा चक्कर, गोंधळलेपण, काळी शौच, पायांवर सूज, लघवी कमी होणे यांपैकी काही नव्याने दिसले, तर "म्हातारपण आहे, चालायचेच" म्हणून सोडू नका. कोणती गोळी नव्याने सुरू झाली, ते आधी पाहा.

एवढे अवश्य करा

घरातली सगळी औषधे एका कापडी पिशवीत ठेवा. त्यात मलम, पुड्या, काढे, झाडपाल्याची औषधेही आली. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी आणि जुनी चिठ्ठी बरोबर न्या आणि विचारा, "ही सगळी एकत्र चालतात का? यातले काही कमी करता येईल का?" शेजाऱ्याच्या गुणावरून त्याची गोळी आणू नका. पण भिऊन रक्तदाबाची, साखरेची किंवा हृदयाची गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. त्यातही तेवढाच धोका आहे.

वाचता येणाऱ्या नातवंडाकडे हे काम सोपवा. कोणती गोळी, कशासाठी, किती वाजता, हे त्याने वहीत मोठ्या अक्षरांत लिहावे. येत्या बाजारापूर्वी एवढे कराच.