मुकुट मिळाला आणि राणी मोडली

शोकांतिका आणि नेणीव : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण हॅम्लेटपाशी थांबलो होतो. बापाच्या खुनाचा सूड घ्यायचा आहे, संधी आहे, कारणही आहे, तरी त्याचा हात उठत नाही. फ्रॉइडने या दिरंगाईचं मूळ हॅम्लेटच्या नेणिवेत दाखवलं आणि अर्नेस्ट जोन्सने त्यावर पुढे अख्खा ग्रंथ लिहिला. आज त्याच्या अगदी उलट टोकाची व्यक्तिरेखा घेऊ. हिला हवं ते ठाऊक होतं. ते मिळवताना ती कचरली नाही. आणि ते हाती आल्यावर ती मोडून पडली. लेडी मॅकबेथ.

कथा थोडक्यात आठवून घेऊ. स्कॉटलंडचा सेनापती मॅकबेथ लढाई जिंकून परतत असताना तीन चेटकिणी त्याला भेटतात आणि तू राजा होशील, असं भाकीत करतात. त्याच्या सोबत्याला, बँकोला मात्र सांगतात की राज्य तुझ्या वंशजांचं होईल. मॅकबेथ ही हकिगत पत्राने बायकोला कळवतो. पत्र वाचता वाचताच तिचा निश्चय होतो : राजा डंकन आज आपल्या घरी मुक्कामाला येतोय, तो परत जाता कामा नये. नवरा डळमळतो तेव्हा ती त्याच्या मर्दानगीला डिवचते. खून होतो. घाबरलेला नवरा कट्यारी तशाच हातात घेऊन बाहेर येतो, तेव्हा त्या आत नेऊन ठेवण्याचं आणि पहारेकऱ्यांना रक्त फासण्याचं काम तीच उरकते. पुढे मेजवानीत बँकोचं भूत दिसून मॅकबेथ बरळू लागतो. तेव्हाही पाहुण्यांसमोर सावरून घेणारी तीच.

त्यानंतर ती नाटकातून नाहीशी होते. चौथ्या अंकात ती नाही. पाचव्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात दिसते ती झोपेत चालणारी, हातावरचा न दिसणारा डाग चोळचोळून धुणारी बाई. पुन्हा कळते ती तिच्या मृत्यूची बातमी, आणि शेवटी, तिने जीव दिला असं लोक म्हणतात, एवढा ओझरता उल्लेख.

पोलादासारखी बाई एकदम अशी कशी वितळली? मधला दुवा शेक्सपिअरने दाखवलेलाच नाही. फ्रॉइडला नेमकी हीच जागा खुणावत होती.

यशाने मोडणारी माणसं

१९१६ साली फ्रॉइडने मनोविश्लेषणात भेटणाऱ्या काही स्वभावप्रकारांवर एक निबंध लिहिला. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्यात शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड येतो, तिसऱ्यात अपराधाच्या भावनेपोटी गुन्हा करणारी माणसं येतात, आणि मधला, सर्वांत मोठा भाग आहे यशाने मोडणाऱ्यांचा.

इच्छा पुरी झाली नाही म्हणून माणूस आजारी पडतो, हे फ्रॉइडच्या सिद्धान्तात बसत होतं. पण इच्छा पुरी झाली म्हणून आजारी पडणारी माणसंही त्याच्याकडे येत होती. एक बाई एका चित्रकाराबरोबर लग्नाशिवाय सुखाने राहत होती. तो रीतसर लग्नाला तयार झाला आणि तिचं मन ढासळलं. एका प्राध्यापकाची वर्षानुवर्षांची आस होती की आपल्या गुरूच्या जागी आपली नेमणूक व्हावी. गुरू निवृत्त झाले, निवड याचीच झाली, आणि याला असं औदासीन्य आलं की पुढची काही वर्षं तो कामाचा राहिला नाही. फ्रॉइडचं म्हणणं असं की इच्छा स्वप्नात असते तोवर सदसद्विवेक तिला चालवून घेतो. ती प्रत्यक्षात उतरू लागली की तो आडवा येतो आणि म्हणतो, हे सुख तुझं नव्हे. असा विवेक येतो कुठून? फ्रॉइडच्या मते त्याची मुळं आईबापांशी असलेल्या लहानपणच्या नात्यात, म्हणजे इडिपस गंडात असतात.

गुरूची खुर्ची मिळालेला प्राध्यापक आणि राजाचं सिंहासन मिळालेली राणी यांची जात एकच. म्हणून फ्रॉइड लेडी मॅकबेथकडे वळला.

पहिला प्रयत्न : रिकामा पाळणा

‘स्वप्नांचा अर्थ’ या ग्रंथातच फ्रॉइडने ओझरतं म्हटलं होतं की ‘हॅम्लेट’ जसं मुलगा आणि आईबाप यांच्याविषयी आहे, तसं ‘मॅकबेथ’ अपत्यहीनतेविषयी आहे. १९१६ मध्ये त्याने तो धागा पुढे नेला. हा धागा नाटकात खरोखरच जागोजागी आहे. मॅकबेथला सलतं ते हे की आपल्या डोक्यावरचा मुकुट वांझ आहे, आपण पाप केलं ते बँकोच्या पोरांसाठी. बँको मारला जातो, पण त्याचा मुलगा निसटतो. मॅकडफ हा सरदार निसटतो, तर त्याची मुलं मारली जातात. चेटकिणी दाखवतात त्या आकृत्यांतही एक रक्ताने माखलेलं मूल आहे आणि एक मुकुट घातलेलं. खुनाआधी लेडी मॅकबेथ आपलं स्त्रीत्वच काढून घ्या, असं आवाहन दुष्ट शक्तींना करते. राजा म्हणजे प्रजेचा बाप. ज्यांनी बापाला मारलं आणि दुसऱ्यांची मुलं मारली, त्यांना स्वतःला मूल नाही. गुन्ह्याला साजेशी शिक्षा.

फ्रॉइडने याला इतिहासाचीही जोड दिली. १६०३ मध्ये निपुत्रिक एलिझाबेथ राणी वारली आणि इंग्लंडची गादी स्कॉटलंडच्या जेम्सकडे गेली. तो जिचा मुलगा, त्या मेरी स्टुअर्टच्या मृत्युदंडाच्या हुकमावर एलिझाबेथचीच सही होती. स्टुअर्ट घराणं स्वतःला बँकोचे वंशज मानत असे. वांझ सिंहासन आणि फळलेला वंश हा विषय तेव्हा लंडनच्या हवेतच होता.

इथवर सगळं जुळतं, आणि मग फ्रॉइड स्वतःच स्वतःला अडवतो. शेक्सपिअरने ही गोष्ट घेतली ती होलिन्शेडच्या बखरीतून. त्या बखरीत डंकनच्या खुनानंतर मॅकबेथ दहा वर्षं बरं राज्य करतो आणि मग क्रूर होतो. दहा वर्षांत मूल झालं नाही, आता होणार नाही, ही निराशा माणसाला पोखरू शकते. पण शेक्सपिअरने तो सगळा काळ आवळून जेमतेम आठवडाभराचा केला. आठवड्यात कुणाला वांझपण कळतं? फ्रॉइड आपली उपपत्ती तिथेच सोडतो आणि हे कोडं आपल्याला सुटत नाही, असं सांगतो.

मग तो इब्सेनच्या ‘रोझमर्सहोल्म’ (१८८६) या नाटकाकडे जातो आणि तिथे त्याला उत्तर मिळतं. त्यातली रिबेका रोझमरच्या बायकोला आत्महत्येकडे ढकलते. पण रोझमर लग्नाचं विचारतो तेव्हा क्षणभर हर्षून लगेच नकार देते. पुढे उलगडत जातं की तिला वाढवणारा डॉक्टर वेस्ट हाच तिचा जन्मदाता होता. त्याच्याशी तिचे संबंध होते, असं फ्रॉइड नाटकातल्या खुणांवरून काढतो. आईची जागा घेऊन बाप मिळवण्याचा जुना अपराध तिने नकळत पुन्हा केला होता.

एकाच निबंधात एक नाटक सुटतं आणि दुसरं सुटत नाही, हे मला फार बोलकं वाटतं. इब्सेनच्या नाटकाची रचनाच मुळी भूतकाळ उकरत जाण्याची आहे; गतायुष्य थरांथरांनी वर येतं, जसं विश्लेषकाच्या कोचावर यावं. शेक्सपिअरने लेडी मॅकबेथला गतायुष्य दिलेलंच नाही. होलिन्शेडमध्ये मॅकबेथच्या बायकोविषयी, राणीपदाच्या हव्यासापोटी तिने नवऱ्याला टोचणी लावली, एवढंच आहे. नवऱ्याला खुनाची वाट दाखवणारी बायको शेक्सपिअरने त्याच बखरीतल्या दुसऱ्या गोष्टीतून, डफ राजाला मारवणाऱ्या डॉनवॉल्डच्या कथेतून उचलली. दोन कथांतून बेतलेल्या बाईचं बालपण कुठे शोधणार?

तरी लोकांनी ते शोधलं. तिने एकदा मुलाला पाजलं आहे, असं ती पहिल्या अंकात सांगते. मग ते मूल कुठे गेलं? खऱ्या इतिहासातल्या मॅकबेथची राणी ग्रूओख हिला पहिल्या लग्नाचा लूलाख नावाचा मुलगा होता. पण नाटकाला त्याची गंधवार्ता नाही. १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स या समीक्षकाने, लेडी मॅकबेथला मुलं किती, असा प्रश्नच शीर्षकात घालून या हौसेची टर उडवली. नाटकातली माणसं नाटकाबाहेर जगत नाहीत, हा त्याचा मुद्दा आजही विसरून चालणार नाही.

दुसरा प्रयत्न : दोघांत एक मन

शरणागती पत्करल्यावर फ्रॉइड जाता जाता एक कल्पना मांडतो. ती त्याची नव्हे, त्याचा सहकारी लुडविग येकेल्स याची आहे : शेक्सपिअर कधी कधी एकच व्यक्तिरेखा दोन पात्रांत वाटून देतो. दोघांना वेगळं वाचलं तर दोघंही अपुरी आणि अनाकलनीय वाटतात. एकत्र वाचलं की मन पुरं होतं.

मजकूर उघडून हे तपासता येतं. खुनाच्या रात्री भास होतात ते मॅकबेथला. आपण झोपेचाच खून केला, आता झोप नाही, अशी वाणी त्याला ऐकू येते. पण झोप हरवते ती राणीची. आपला हात अख्ख्या समुद्राने धुतला जायचा नाही, असं त्याला वाटतं, आणि ती त्याला वेड्यात काढते. थोडं पाणी पुरे. पाचव्या अंकात हात धुत बसते ती. भीतीचं बी त्याच्यात पडतं, उगवतं तिच्यात. उलट तिची निबर धिटाई त्याच्याकडे जाते. शेवटी बाईचा आक्रोश ऐकूनही तो दचकत नाही. गुन्ह्यानंतर मनात जे जे होऊ शकतं, पश्चात्ताप आणि मुजोरी, ते दोघांनी वाटून घेतलं आहे.

मला इथे फ्रॉइडच्या पुढे एक पाऊल टाकावंसं वाटतं. मन वाटलेलं आहे हे मान्य. पण ती वाटणी बंद कधी पडते, तेही नाटक दाखवतं. सुरुवातीला मॅकबेथ तिला सगळं पत्रातून कळवतो, थोरवीतली भागीदार मानतो. तिसऱ्या अंकात बँकोच्या खुनाचा बेत मात्र तो तिच्यापासून लपवतो. तू अजाण राहा, झाल्यावर वाहवा कर. मेजवानीनंतर रंगमंचावर ती दोघं पुन्हा एकत्र दिसतच नाहीत. ज्या मनाचे दोन तुकडे एकमेकांना तोलत होते, त्यातला एक सुटून लढाईवर निघून गेला. आता दासी काय सांगते ते पाहा : राजा रणात गेल्यापासून राणी झोपेत उठते, कपाट उघडते, कागद काढते, दुमडते, लिहिते, वाचते, मोहोर लावते आणि पुन्हा निजते. या बाईची कथा नवऱ्याच्या पत्राने सुरू झाली होती. झोपेत ती पत्रव्यवहार चालू ठेवते आहे, असं वाचायला मजकूर पुरेपूर वाव देतो.

झोपेतली भाषा

सगळ्या नाटकात मनोविश्लेषकाला सर्वांत ओळखीचा वाटावा असा प्रवेश हाच. तो गद्यात आहे. तिचं बोलणं तुटक आहे, काळाचा क्रम मोडलेला आहे : डंकनची रात्र, बँकोचं दफन, मॅकडफच्या बायकोचा खून आणि डंकनच्या खुनानंतर दारावर पडलेली थाप एकमेकांत मिसळतात, जशी स्वप्नात मिसळावीत. पाव पाव तास हात चोळणं ही सक्तीची कृती आहे. केल्याने समाधान होत नाही म्हणूनच ती पुन्हा करावी लागते. इझाडोर कोरिएट या बॉस्टनच्या मनोविकारतज्ज्ञाने १९१२ मध्येच तिच्यावर उन्मादाचं निदान करणारं पुस्तक लिहिलं होतं. पण शास्त्राच्या कितीतरी आधी हे एका नटीला उमगलं होतं. १७८५ मध्ये ड्रूरी लेन थिएटरात सारा सिडन्सने ही भूमिका केली, तेव्हा रूढीप्रमाणे हातात धरायची मेणबत्ती तिने खाली ठेवली. थिएटरचा मालक शेरिडन याचा विरोध होता. तिचं म्हणणं साधं होतं : हात धुवायचे तर दोन्ही हात मोकळे हवेत. मराठी रंगभूमीवर १९५४ मध्ये शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ आलं, तेव्हा हा प्रवेश दुर्गा खोटे यांच्या वाट्याला आला.

आणखी एक धागा. खुनाच्या रात्री ती एकटी असताना सांगून जाते की झोपलेला डंकन आपल्या बापासारखा दिसला नसता, तर आपणच वार केला असता. फ्रॉइडवादी वाचकाला यापेक्षा काय हवं? राजा म्हणजे बाप हे समीकरण तिने स्वतःच्या तोंडाने मांडलं आहे. पण हे वाक्य किल्ली म्हणून वापरण्याआधी त्याची जागा पाहावी. ते येतं दुसऱ्या अंकात, ती अजून खंबीर असताना. म्हणजे मोडण्याची चीर यशाच्या आधीच पडली होती. त्या बापाविषयी नाटक याहून एक अक्षर सांगत नाही. तेव्हा आपणही रचून सांगू नये.

या प्रवेशातला डॉक्टरही लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो आडोशाला उभा राहून ऐकतो, टिपून घेतो आणि म्हणतो, हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज आहे. पुढे मॅकबेथ त्याला विचारतो, आठवणीत रुतलेलं दुःख उपटून काढणारं औषध नाही का? डॉक्टर म्हणतो, तिथे रोग्यानेच स्वतःचा वैद्य व्हायचं असतं. फ्रॉइडने पुढे उपचाराचा जो मार्ग काढला त्यात रोगी बोलतो आणि ऐकणारा हजर असतो. राणी बोलते, ऐकणारा आहे. पण तिला तो असल्याचं माहीत नाही, आणि ऐकलेलं उच्चारायला तो धजत नाही. राजवाड्यात ते ऐकणंच जीवघेणं आहे.

तेव्हा या आठवड्याचा निष्कर्ष असा : मनोविश्लेषण शोकांतिकेला लावायचं ते पात्राची केस-फाईल भरण्यासाठी नव्हे. कुठली भीती कुणाच्या तोंडून निघते, ती पुढे कुणाच्या हातांत उतरते, कोण कुणाशी बोलायचं थांबतं, हे टिपायला ते शिकवतं. ‘मॅकबेथ’मध्ये फ्रॉइड रोगी शोधत होता तोवर अडला, त्याने दोन पात्रांमधलं देणंघेणं पाहिलं तेव्हा त्याला वाट दिसली. पुढच्या खेपेला नाटक वाचाल तेव्हा दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश आणि पाचव्याचा पहिला पाठोपाठ वाचून पाहा.

पुढील लेखांकात : ‘किंग लिअर’. तीन मुली, एक म्हातारा बाप, आणि धाकटीच्या मुकेपणात फ्रॉइडला १९१३ मध्ये मृत्यू का दिसला.