निसेकोचे 'पावडर' हिम : मोह आणि पूर्वतयारी

सैबेरियावरून निघालेले कोरडे, कडाक्याचे थंड वारे जपानचा समुद्र ओलांडताना बाष्प गोळा करतात आणि होक्काइडो बेटाच्या पश्चिमेकडील डोंगरांना अडून ते हिमाच्या रूपाने रिते करतात. नैऋत्य मोसमी वारे पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर जे घडवतात, तेच येथे हिवाळ्यात घडते. हवा अतिशय थंड असल्याने हिमाचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटत नाहीत. चाळलेल्या पिठासारखे सुटे राहतात. या 'पावडर' हिमामुळेच निसेकोचे नाव स्कीइंगच्या जगात गाजले. एका हंगामात तेथे सरासरी १४ ते १५ मीटर हिम पडते.

ज्या निसेको आन्नुपुरी पर्वतावर हा खेळ चालतो, त्याची उंची अवघी १३०८ मीटर आहे. म्हणजे कळसूबाईहूनही तो ठेंगणा. साहजिकच, गुलमर्गच्या वरच्या उतारांवर जाणवणारा विरळ हवेचा त्रास येथे होत नाही. हिराफू, हानाझोनो, निसेको व्हिलेज आणि आन्नुपुरी ही चार केंद्रे याच पर्वतावर असून चारही ठिकाणी चालणारा सामायिक पास मिळतो. हिराफूत गजबज अधिक, आन्नुपुरीकडे निवांतपणा.

सहलीचा महिना ठरवताना मात्र स्वतःचे कौशल्य प्रामाणिकपणे जोखावे. जानेवारी ते मध्य फेब्रुवारी हा भर हिमवृष्टीचा काळ. चिनी नववर्षाची गर्दीही बहुधा याच सुमारास येते आणि दर कडाडतात. खोली व प्रशिक्षक कित्येक महिने आधी ठरवावे लागतात. शिवाय आभाळ इतके झाकोळलेले असते, की समोरचा योतेई पर्वत दिवसचे दिवस दिसत नाही. ज्यांनी पायांना स्की कधी लावल्याच नाहीत, त्यांनी या काळाचा हट्ट का धरावा? खोल, भुसभुशीत हिमात नवशिक्याचा तोल राहत नाही आणि पडल्यावर उठणेही जिकिरीचे होते. त्यांना यंत्राने दाबून सपाट केलेला उतारच हवा. त्यासाठी मार्च उत्तम : हिम दुपारी जडावते, पण ऊन मिळते आणि खर्चही आटोक्यात राहतो.

सराईतांना खरी भूल पडते ती हद्दीबाहेरच्या अस्पर्श उतारांची. तेथे जाण्यासाठी ठरावीक प्रवेशद्वारे आहेत. हिमस्खलनाचा धोका असेल तेव्हा ती बंद ठेवली जातात. दोर ओलांडून जाणे हा नियमभंग असून त्यापायी पास जप्त होतो. हद्दीबाहेर कोणी हरवल्यास शोधमोहिमेचा खर्चही त्याच्याकडूनच वसूल केला जातो. याहून फसवा धोका झाडांखाली असतो. बुंध्याभोवती फांद्यांच्या आडोशाने पोकळी राहते, वरून ती दिसत नाही. तिच्यात डोके खाली होऊन पडलेला माणूस स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही आणि मऊ हिमातच गुदमरतो. म्हणूनच झाडीत एकट्याने जाऊ नये, जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात असावा. प्रवास विम्यातही हे पाहून घ्यावे : साध्या पॉलिसीत हिवाळी खेळ, विशेषतः आखीव उतारांबाहेरचे स्कीइंग, अनेकदा वगळलेले असते.

भारतीयांना जपानचा व्हिसा आवश्यक आहे. टोकियोमार्गे न्यू चितोसे विमानतळ गाठावा. तेथून बसने अडीच-तीन तास लागतात. हिमवादळात विमाने रखडतात, तेव्हा परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवणे शहाणपणाचे. स्की व बूट तेथे भाड्याने मिळतात. हातमोजे व गॉगल स्वतःचे असावेत.

शाकाहारींनी थोडी चौकशी अधिक करावी. केवळ भाज्यांचे वाटणारे सूपही बहुधा सुक्या माशाच्या अर्कावर, म्हणजे 'दाशी'वर, केलेले असते. दिवसभराच्या श्रमांनंतर ओन्सेन, अर्थात उष्णोदकाची कुंडे, हे मोठे सुख. मात्र कुंडात उतरण्यापूर्वी साबणाने स्वच्छ स्नान करावे लागते, अंगावर वस्त्र चालत नाही आणि गोंदण असल्यास काही ठिकाणी प्रवेश नाकारला जातो.