सीमेपलीकडचा वर्ग – ७ : एका हाताची अक्षरं, दोन हातांची अक्षरं

या आठवड्यात व्हिसावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण इचलकरंजीच्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न व्हिसाच्या आधीचा आहे. बाईंचं बी.एड. (स्पेशल) कर्णबधिर शाखेतलं, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी चालू, अनुभवही भरपूर. विचारतात, "माझ्या मैत्रिणी बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझमच्या शाखेतल्या. त्या सगळ्या अमेरिका अमेरिका करताहेत. माझ्या शाखेला कोणता देश बरा?"

बाई, तुम्ही आधी इंग्लंड बघा. का ते सांगतो, पण त्यासाठी हातातला अंक क्षणभर खाली ठेवावा लागेल.

डाव्या हाताची बोटं पसरा. उजव्या तर्जनीने अंगठ्याच्या टोकाला स्पर्श केला की 'ए'. मग तर्जनीवर 'ई', मधल्या बोटावर 'आय', अनामिकेवर 'ओ', करंगळीवर 'यू'. हे तुम्हाला मी शिकवायला नको, तुमच्या वर्गातली मुलं रोज करतात. इतर वाचकांसाठी सांगितलं. गंमत अशी, की लीड्समधलं कर्णबधिर मूलही हे पाच स्वर याच पाच बोटांवर दाखवतं. दोन हातांची ही अक्षरं आपल्याकडे ब्रिटिशांकडूनच आली. अमेरिकेत मात्र सगळा कारभार एका हाताचा. मूठ वळून अंगठा बाजूला उभा ठेवला, झाला 'ए'. याचं कारण १८१७ सालात आहे. थॉमस गॅलोडेट यांनी हार्टफर्डला शाळा काढली ती लोराँ क्लेर्क या फ्रेंच कर्णबधिर शिक्षकाला सोबत आणून. त्यामुळे अमेरिकन खुणांची भाषा फ्रेंच खुणांच्या भाषेची नातलग झाली. इंग्लंड आणि अमेरिका दोन्ही देश इंग्रजी बोलणारे, पण तिथल्या कर्णबधिरांची गाठ पडली तर एकाचं दुसऱ्याला धड कळत नाही! हा विषय निघाला की मला आवरत नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे.

मात्र हुरळून जाऊ नका. अक्षरं जुळली म्हणून भाषा जुळत नाही. ब्रिटिश खुणा वेगळ्या, वाक्यात त्या मांडायची रीतही शिकावी लागते. पण मुलाचं नाव विचारायला आणि एखादा अडलेला शब्द अक्षर-अक्षर सांगायला तुमचे हात तयार आहेत. अमेरिकेत तिथूनच सुरुवात करावी लागेल. वर तिथल्या अनेक कर्णबधिर शाळा खुणांच्या भाषेची तोंडी, म्हणजे 'हाती', परीक्षा घेतात. गॅलोडेट विद्यापीठाच्या अशा मुलाखतीत शून्य ते पाच अशी श्रेणी मिळते.

आता इंग्लंडची अडचण. तिथे सरकारी अनुदानाच्या शाळेत कायम व्हायचं तर 'क्यूटीएस' (क्वालिफाइड टीचर स्टेटस, म्हणजे पात्र शिक्षकाचा दर्जा) लागतं. फेब्रुवारी २०२३मध्ये ही वाट भारतात प्रशिक्षण घेतलेल्यांना खुली झाली, पण अट घालून: ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता हवी. विशेष शिक्षण हा त्यात विषयच नाही. म्हणजे बी.एस्सी. करून बी.एड. केलेल्यांनी चौकशी करण्यात अर्थ आहे, इतिहासात बी.ए. असेल तर या नियमाने दार बंद. मला ही अट अत्यंत अदूरदर्शी वाटते. एक पळवाट आहे, आणि ती कायदेशीर आहे: परदेशात शिक्षक म्हणून पात्र झालेल्याला तिथे 'क्यूटीएस'शिवाय चार वर्षं शिकवता येतं.

आणि इथे तुमच्या मैत्रिणींपेक्षा तुमचा मामला वेगळा. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमतेच्या वर्गाला शिकवायला वेगळं प्रमाणपत्र सक्तीचं नाही. कर्णबधिरांच्या, अंधांच्या आणि दोन्ही अक्षमता असलेल्यांच्या वर्गांना मात्र आहे, आणि ते नेमणुकीपासून तीन वर्षांत मिळवावं लागतं. म्हणून अर्जात नुसतं 'बी.एड. स्पेशल' लिहून थांबू नका. श्रवणआलेख वाचता येतो का, कॉक्लिअर इम्प्लांटची मुलं हाताळलीत का, सरावपाठ किती आणि कुठल्या वयाच्या मुलांचे झाले, हे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाच्या प्रतीसह द्या.

दोन किरकोळ वाटणाऱ्या, पण नोकरी घालवणाऱ्या गोष्टी. तिथली बहुतेक कर्णबधिर मुलं साध्या शाळांत बसतात. शिक्षक मोटारीने या शाळेतून त्या शाळेत फिरतो. गाडी येत नसेल तर आजच शिकायला लागा. भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून बारा महिने चालतो. दुसरं, मुलाखतीत नोकरीतल्या प्रत्येक खंडाचं कारण विचारतात. तो मुलांच्या सुरक्षेसाठीच्या तपासणीचा भाग आहे, तुमच्यावरचा संशय नव्हे. बाळंतपणासाठी किंवा सासूबाईंच्या आजारपणात घरी होतात, तर तसंच तारखांसह लिहा. आपल्या बायका ही वर्षं अर्जातून गाळतात, आणि नेमकं तेच महागात पडतं.

नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाआधी इंग्लंडच्या शिक्षण खात्याचं संकेतस्थळ स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका. व्हिसा पुढच्या आठवड्यात. तोवर बाईंनी पदवीची गुणपत्रिका काढून मुख्य विषय कोणता ते मला कळवावं.